रोइंग यंत्राचा आकडा आणि अर्धशक्ती

नांदेड व लातूर येथील व्यायामशाळांत ट्रेडमिलच्या जोडीला आता रोइंग मशीन, म्हणजे वल्हवण्याचे यंत्रही दिसू लागले आहे. कटिशूलाची तक्रार घेऊन येणाऱ्या तरुण रुग्णांपैकी काहीजण ‘आम्ही दहावर मारतो’ असे अभिमानाने सांगतात. या ‘दहा’चा अर्थ वैद्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

हवेवर चालणाऱ्या यंत्रात १ ते १० आकड्यांचा एक खटका असतो. त्यास डॅम्पर म्हणतात. तो चक्राच्या पेटीत किती हवा शिरावी एवढेच ठरवितो. हवा अधिक शिरली की दोन ओढींमधील काळात चक्र लवकर मंदावते आणि पुढची ओढ जड लागते. हवा कमी असता चक्र फिरते राहते व ओढ हलकी, चपळ होते. सायकलच्या गिअरसारखाच हा प्रकार होय. श्रम किती झाले हे आकड्यावर नव्हे, तर ओढण्याच्या जोरावर व वेगावर ठरते. शिवाय जाळीत धूळ साचली की हवा कमी शिरते. त्यामुळे नांदेडच्या यंत्रावरील ४ आणि लातूरच्या यंत्रावरील ४ सारखे असतीलच असे नाही. काही यंत्रांच्या पडद्यावर ‘ड्रॅग फॅक्टर’ दिसतो. तुलनेसाठी तोच खरा.

वल्हवणे हा केवळ पाणथळ मुलखाचा व्यायाम नव्हे. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ यांनी सैन्यात गेल्यावर वल्हे हाती घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात १३ वे स्थान मिळविले. परंतु असा खेळाडू प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करतो. आपल्या रुग्णापाशी बहुधा केवळ खटका असतो. जड ओढीत पायांचा जोर लागण्यापूर्वीच पाठ वाकवून खेचले, की सारा भार कटीवर येतो.

येथे आपले शास्त्र उपयोगी पडते. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसही शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, इतर ऋतूंत त्याहून कमी. कक्षा, ललाट, नासा व संधींच्या ठिकाणी स्वेद आणि मुखशोष ही बलार्धाची लक्षणे होत. मराठवाड्याच्या ग्रीष्मात ती लवकर प्रकट होतात, हे ध्यानी ठेवावे. हे माप यंत्रावर नसून देहावर उमटते.

म्हणून कटिशूलाच्या रुग्णास आहारविहाराबरोबर यंत्राचा प्रकार व आकडाही विचारावा. वेदना असेतो यंत्र बंद ठेवावे. पुढे नवशिक्याने ३ ते ५ वर आरंभ करावा. आधी पाय, मग धड, शेवटी हात हा क्रम सांभाळावा. वातपित्तरोगी, बाल, वृद्ध व अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, तो आकडा १ वर असला तरीही.