संत्र्याची कलमे आणि खतांचा हिशेब

वरुड-मोर्शी भागातील संत्रा बागायतदारास पहिल्या बहारासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते. कर्जाची परतफेडही त्याच बहारावर अवलंबून असते. एका बागेच्या पाहणीत बुंध्याशीच टाकलेल्या युरियाने कोवळी कलमे करपलेली दिसली. शेतकऱ्याचे एक वर्ष वाया गेले होते.

पहिल्या वर्षी प्रत्येक झाडास १५० ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅम युरिया पुरतो. तोही तीन-चार हप्त्यांत, बुंध्यापासून दूर, जमिनीत ओल असताना द्यावा. युरिया लवकर लागू पडतो. शेणखत जमीन भुसभुशीत करून ओल टिकवते. म्हणून दोन्ही हवीत. मात्र शेणखत पूर्ण कुजलेले असावे, कच्च्या खताने वाळवी लागते.

कर्जाप्रमाणे खतही बेताने घेतले, तरच फळते.