चीज सँडविच, तर्रीच्या वाटीसकट

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं. आकडा मोबाइलवर फिरला, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी फोन करून ख्यालीखुशाली विचारली, आणि मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सरच बिघडला होता. पण समजा, घटकाभर तो आकडा खरा धरला तर? मऊ जातीचं चीज ५५ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे ब्रेडमध्ये चीज घालून सीताबर्डीच्या चौकात नुसतं उभं राहिलं असतं तरी निम्मं काम झालं असतं, तेही गॅस न पेटवता.

उरलेलं निम्मं मात्र झालं नसतं. ब्रेड खरपूस व्हायला १४० अंश तरी लागतात. नागपूरचा खराखुरा उच्चांक ४७.९ अंशांचा, मे २०१३ मधला. तेव्हा चीज सँडविच करायचं तर तवा काढावाच लागतो, राजेहो.

दोन तापमानांची कुस्ती

चीज एका दमात वितळत नाही. ३२ अंशांच्या आसपास त्यातली दुधाची चरबी सैल पडते. एप्रिल-मेमध्ये दुकानातून घरी येईपर्यंत चीजवर जो तेलकट घाम सुटतो, तो हाच. पण आकार अजून शाबूत असतो, कारण प्रथिनांची जाळी घट्ट असते. ती सुटायला चेडारला ६५ अंश लागतात आणि पार्मेजानसारख्या सुकवलेल्या चीजला ८० च्या वर. ब्रेडचं पापुद्र्यासारखं सोनेरी होणं ही आणखी वेगळी भानगड. साखर आणि प्रथिनं तापून एकमेकांशी जुळतात, ही क्रिया लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये मांडली. पोळीवरचे डाग, भाजलेला रवा, टोस्टचा वास, हे सगळं मायारच्या खात्यात जमा.

म्हणजे बाहेर १४० आणि आत ६५, असा एकाच सँडविचमध्ये दुहेरी हिशेब. मधे ब्रेड बसलेला, आणि ब्रेड म्हणजे हवेच्या पोकळ्यांची गादी. त्यातून उष्णता आत सरकायला वेळ लागतो. मोठ्या आचेवर ब्रेड दीड-दोन मिनिटांत काळा पडतो आणि आतली स्लाइस पाकिटातून काढली तशीच चौकोनी राहते. कॅफेतलं सँडविच पुष्कळदा इथंच मार खातं, कारण मागे रांग असते. घरी कुणाची घाई नसते. जाड बुडाचा तवा, शक्यतो बिडाचा, आणि सगळ्यात बारीक आच. एका बाजूला चार-पाच मिनिटं. कंटाळा आला तर शेजारच्या शेगडीवर चहा टाकावा.

पनीर का वितळत नाही

पनीर सँडविच कितीही भाजा, तार सुटणार नाही. दूध लिंबानं किंवा व्हिनेगरनं फाडलं की प्रथिनांना धरून ठेवणारं कॅल्शियम आम्लात निघून जातं आणि प्रथिनं एकमेकांना घट्ट बिलगतात. मग उष्णता दिली की ती सैल पडायच्या ऐवजी आणखी आवळतात आणि पाणी सोडतात. चीज रेनेट नावाच्या विकरानं लावतात. त्यात कॅल्शियमचे टाके शिल्लक राहतात आणि तापल्यावर तेच टाके ढिले होतात. सावजीच्या उकळत्या रश्श्यात पनीरचा तुकडा कोपऱ्यांसकट टिकतो, त्याचं कारण हे. सँडविचमध्ये पनीर घालू नये असं मी म्हणत नाही. फक्त त्याच्याकडून तारेची अपेक्षा ठेवू नये.

रेणुसूत्रात लपलेला नाचो

जुनं, मुरलेलं चेडार चवीला राजा, पण वितळताना त्याचा ताबा सुटतो. तूप एकीकडे, रबरासारखा गोळा दुसरीकडे. स्वित्झर्लंडमधल्या थुन गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११ मध्ये यावर तोड काढली. चीज तापवताना सोडियम सायट्रेट घातलं की चरबी आणि पाणी भांडत नाहीत. १९१६ मध्ये जेम्स क्राफ्टनं अमेरिकेत प्रोसेस्ड चीजचं स्वतःचं पेटंट घेतलं, आणि आपल्या फ्रिजमधला चंदेरी कागदातला क्यूब हा त्याच घराण्यातला.

गंमत अशी की सोडियम सायट्रेटच्या सूत्रातली अक्षरं आकडे गाळून ओळीनं वाचली, सोडियमचं ‘एनए’, मग ‘सी’, ‘एच’ आणि ‘ओ’, तर ‘नाचो’ तयार होतं. हा पदार्थ घरीही बनतो. लिंबाच्या रसात चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घाला, फसफस पूर्ण थांबली की वाटीत उरलं ते मुख्यतः सोडियम सायट्रेटचं पाणी. त्यात थोडं दूध गरम करून किसलेलं चेडार विरघळवलं की गुळगुळीत सॉस होतो. सँडविचवरून ओतायची चैन करायची असेल तर ही युक्ती लक्षात ठेवा.

माझं स्वतःचं मिश्रण साधं आहे. तारेसाठी मूठभर मोझरेला, चवीसाठी चेडार, आणि दोघांना धरून ठेवायला प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब, म्हणजे २५ ग्रॅम. तिन्ही घरीच किसायची. पाकिटातल्या तयार किसाला चिकटू नये म्हणून बहुतेक वेळा स्टार्च किंवा तसलीच पूड लावलेली असते, आणि ती वितळण्याच्या आड येते.

म्हशीचं माहेर

इटलीतलं अस्सल मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं, हे ऐकून आपल्याकडे कुणी चकित व्हायचं कारण नाही. विदर्भाची स्वतःची म्हैस आहे, नागपुरी नावाची. एलिचपुरी, वऱ्हाडी अशी तिची आणखी नावं गावोगाव ऐकू येतात. लांबलचक, चपटी, तलवारीसारखी मागे खांद्यापर्यंत गेलेली शिंगं आणि इथलं ऊन सोसायची ताकद ही तिची ओळख. म्हशीच्या दुधात साधारण ७ टक्के चरबी, गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र. दुकानातलं पिवळं बटर पिवळं असतं ते बहुधा ॲनाटोच्या रंगानं.

त्या पिवळेपणाचीही कथा आहे. अमूल यायच्या आधी बाजारात पोल्सनचं राज्य होतं, इतकं की मराठीत खुशामतीला ‘पोल्सन लावणं’ म्हणू लागले. पोल्सनचं बटर आंबवलेल्या सायीचं, खारट आणि चवीला तिखटसर. आणंदच्या ताज्या सायीचं बटर गिऱ्हाइकाला त्यापुढे अळणी वाटलं, म्हणून त्यात मीठ आणि रंग घालावा लागला.

नागपूरची स्वतःची डेअरी-कहाणी अमूलच्याही आधीची. १९३२ मध्ये दिनशॉ आणि एरचशॉ राणा या पारशी भावांनी गिट्टीखदानात दुधाचा धंदा सुरू केला. पुढे दिनशॉजचं आइस्क्रीम न खाल्लेला नागपूरकर शोधावा लागेल, अशी वेळ आली.

लोणी, तूप की मेयोनीज?

हा वाद घराघरांत पेटवून द्यावा असा आहे. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. तव्यावर टाकल्यावरचं चर्र ते पाण्याचं. पाणी उडालं की दुधाचे कण लाल होतात आणि तो बटरचा खमंग वास येतो, पण ते कण लवकर करपतातही. साजूक तुपात ना पाणी, ना कण, त्यामुळे ब्रेड एकसारखा आणि कुरकुरीत भाजला जातो, करपायची धास्ती कमी. मेयोनीज म्हणजे मुळात तेल. फ्रिजमधून काढूनही मऊ, त्यामुळे ब्रेड न फाटता कडेपर्यंत पसरतं, पण वास बटरचा नाही. माझा निकाल तुपाच्या बाजूनं, शेवटच्या अर्ध्या मिनिटाला चमचाभर बटर वरून. शेजारच्या काकूंनी हे पाहून “बाप्पा, एवढं?” म्हटलं होतं. अर्धं सँडविच मात्र उभ्यानंच संपवलं.

आता प्रत्यक्ष कृती, कारण गंमत तिच्यातच आहे. ब्रेड जाडसर, ताज्यापेक्षा कालचा बरा. दोन्ही स्लाइसची एकच बाजू आधी तुपावर भाजून घ्यायची आणि ती गरम बाजू आत ठेवायची. म्हणजे चीजला खालून-वरून दोन्हीकडून ऊब लागते. चीज कडेपर्यंत नको, नखभर जागा सोडायची. मग बाहेरून तूप, तवा, झाकण. झाकणाखाली वाफ कोंडते आणि चीज लवकर सैल होतं, पण शेवटचं मिनिट झाकण काढायचं, नाहीतर वरचा ब्रेड ओला लागतो. दाबायला खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवला तरी चालतो. हातानं दाबून दाबून चपटं करू नये. कडेनं चीजचा थेंब तव्यावर ओघळला, त्याची तांबूस जाळी झाली, की पलटायची वेळ आली असं समजायचं. तीच जाळी हवी असेल तर चैन म्हणून मूठभर चीज सरळ तव्यावर पसरून त्यावर सँडविच ठेवा.

उतरवलं की ताटलीत नाही, पापडाच्या जाळीवर. ताटलीत वाफ खाली साचते आणि इतका वेळ राखलेला कुरकुरीतपणा मिनिटभरात नरमतो.

हाताचा टोस्टर

गॅसवर धरायचा, लांब दांड्याचा, दोन पाळ्यांचा टोस्टर इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत अजून मिळतो. त्याच्या भावंडाला ऑस्ट्रेलियात जॅफल म्हणतात, १९४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. कडा दाबून बंद करणं हा त्याचा गुण आणि दोषही. चीज बाहेर येत नाही, पण आत कोंडलेलं चीज तासभर तापलेल्या वरणासारखं जीभ भाजतं. मुंबईचा सँडविचवाला याच टोस्टरमध्ये बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो असा अख्खा भाजीबाजार भरतो. चीज सँडविचमध्ये मी टोमॅटोही घालत नाही. पाणी सुटतं.

तर्रीची वाटी

अमेरिकेत या सँडविचसोबत टोमॅटोचं सूप असतं. त्याचा आंबटपणा तुपकटपणा कापतो. नागपुरात हे काम करायला तर्री बसलेली आहे. कस्तुरचंद पार्कजवळ सकाळी पोह्यांवर पडते तीच, काळ्या चण्यांची, वर लाल तवंग आलेली. त्या लाल रंगासाठी जिल्ह्यातल्याच भिवापूरची मिरची घ्या. या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा रंग तवंगात लगेच उतरतो.

मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग होत नाही. ते चरबीत विरघळतं, आणि दुधातलं केसीन त्याला जिभेवरून उचलून नेतं. चीज म्हणजे चरबी आणि केसीनच की. तर्रीत सँडविचचं टोक दोन सेकंद बुडवलं की जाळ आणि त्यावरचा उतारा एकाच घासात मिळतो, म्हणूनच पुढचा घासही तर्रीत जातो. दोनच सेकंद मात्र. तिसऱ्याला ब्रेड वाटीत गळून पडतो.

आत काय घालायचं? सांबार-मिरचीची, म्हणजे कोथिंबीर-मिरचीची, चटणी पातळ हातानं, किंवा कोरडी जवसाची चटणी. जवसाची जास्त बरी, ती पाणी सोडत नाही.

आणि संत्रं

चीजला गोड-आंबट सोबत मानवते. अंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, त्यामुळे तिचा मार्मालेड इंग्लंडातल्या कडू नारिंगीच्या मार्मालेडपेक्षा सौम्य होतो. चेडारखाली त्याचा एक चमचा पसरून बघा. इथल्या संत्रा उत्पादकांनी संघ काढून ‘नोगा’ हे नाव दिलं, आणि महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेल्यावरही जॅम, केचपच्या बाटल्यांवर ते टिकलं. नागपूरकराच्या सँडविचशेजारी दुसऱ्या कुणाचा केचप असू नये, असं माझं मत.

किरकोळ, पण सांगण्यासारखं

‘सँडविच’ खाणाऱ्यांची सुरुवातीची लेखी नोंद १७६२ ची, इतिहासकार एडवर्ड गिबनच्या रोजनिशीतली. तेव्हा नागपुरात जानोजी भोसल्यांचं राज्य होतं.

यंत्रावर कापलेला, पाकीटबंद ब्रेड पहिल्यांदा विकला गेला तो ७ जुलै १९२८ ला, अमेरिकेतल्या चिलिकॉथी गावात.

२००४ मध्ये मेरीमातेचा चेहरा उमटल्याचा दावा असलेलं, एक घास खाल्लेलं, दहा वर्षं जपलेलं चीज सँडविच इबेवर २८,००० डॉलरला गेलं. विकत घेणारं होतं एक ऑनलाइन कॅसिनो.

अमेरिकेत या पदार्थाचा दिवस १२ एप्रिलला साजरा होतो. नागपुरात त्या सुमारास घरोघर कूलरला नवी खस लावायचं काम चालू असतं. स्वयंपाकघरात उभं राहायचं तर डिसेंबर बरा.

शेवटचा प्रश्न कापण्याचा. १० सेंटिमीटरच्या चौकोनी ब्रेडला सरळ मधोमध कापलं तर कापलेली कड १० सेंटिमीटरची. कोपऱ्यातून कोपऱ्यात कापलं तर १४.१. म्हणजे चीज दिसणारी, ओघळणारी, पहिला घास घ्यायची कड ४१ टक्क्यांनी जास्त, तीही त्याच सँडविचमधून. शिवाय टोकदार कोपरा तर्रीच्या वाटीत नीट जातो.