तीन कोटेशने आणि एक चष्मा

आमची नात अडीच वर्षांची. चित्राचे पुस्तक जवळ धरले की तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो, हे प्रथम सुनेच्या लक्षात आले. ‘वय वाढले की होईल सरळ’ असे म्हणून मी मोकळा झालो. (अशी विधाने आजोबांनी करायची नसतात, हे आता कळले.) डॉक्टरांनी तीन दिवस अ‍ॅट्रोपिन घालायला लावून नंबर काढला. उजवा अधिक दोन, डावा अधिक साडेपाच. ‘चष्मा सतत हवा. नाहीतर मेंदू डाव्या डोळ्याचे ऐकणेच सोडून देईल, आणि सात-आठ वर्षांनंतर त्याला ऐकायला लावणे फार कठीण,’ ते म्हणाले.

बँकेत जन्म काढलेला माणूस तीन कोटेशने मागवतो. मुलाने मोबाइलवर घरपोच मिळणाऱ्या चष्म्याचे काढले. दुसरे एका झगझगीत दुकानाचे, तिसरे सदाशिव पेठेतल्या जुन्या दुकानाचे. सर्वांत कमी भाव झगझगीत दुकानाचा, म्हणून मंजूर. फ्रेम गुलाबी. ‘वाढत्या अंगाची आहे, एक माप मोठीच घ्या,’ विक्रेता म्हणाला. फ्रॉक आपण असेच घेतो, तेव्हा मलाही पटले.

दोन दिवसांत चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पोर काचांच्या वरून बघतेय! या वयात नाकाला उंचवटाच नसतो, फ्रेम टिकणार कशावर? काचेचा मध्य बुबुळासमोर नसेल, तर नंबर कागदावरच राहतो. दोन आठवडे फुकट गेले.

मग सदाशिव पेठ. दुकानदार सरळ जमिनीवर बसले, तिच्या हातात मोडकी फ्रेम खेळायला दिली आणि ती रमल्यावर पट्टीने माप घेतले. मऊ, बिनस्क्रूची फ्रेम, मागे पट्टा, पॉलीकार्बोनेटच्या काचा. त्या आपटल्या तरी सहसा फुटत नाहीत. ‘दर महिन्याला आणा. सैल झाली तर नीट करून देईन, त्याचे पैसे नाहीत,’ म्हणाले. ही ओळ कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हती.

घरी आल्यावर ती माझ्या मांडीवर बसली, तोंड जवळ आणले आणि गालावरच्या चामखिळीवर बोट ठेवून म्हणाली, ‘आबा, हे काय?’

गुलाबी फ्रेम माझ्या टेबलाच्या खणात आहे, पावतीसकट. सून ती टाकू देत नाही.