पित्ताच्या कॅप्सूलमध्ये मानसिक आजाराचे औषध? लेव्होसल्पिराईडविषयी जाणून घ्या

पोट फुगणे, थोडे खाल्ले तरी जड वाटणे, करपट ढेकर. अशा तक्रारींवर डॉक्टर अनेकदा सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल लिहून देतात. तिच्या पाकिटावर बारीक अक्षरांत दोन नावे असतात: रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल, आणि लेव्होसल्पिराईड. पहिले आम्ल कमी करते. दुसरे नाव इंटरनेटवर शोधले की ‘अँटिसायकॉटिक’ असा शब्द समोर येतो आणि रुग्ण घाबरतो. डॉक्टरांनी आपल्याला वेडाचे औषध दिले की काय!

तसे नाही. फरक डोसचा आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात हे औषध दिवसाला 200 ते 300 मिलिग्रॅमपर्यंत देतात. पोटासाठी साधारण 25 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, किंवा हळूहळू विरघळणारी 75 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल पुरते. डोपामाइन हे रसायन जठराची हालचाल मंद करते. लेव्होसल्पिराईड त्यालाच अडवते, त्यामुळे अन्न लवकर पुढे सरकते. मधुमेहामुळे जठर मंदावलेल्यांनाही याचा उपयोग होतो.

अडचण अशी की डोपामाइन फक्त पोटात नसते. मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीत ते प्रोलॅक्टिन या हार्मोनला आवर घालते. या ग्रंथीला मेंदूच्या इतर भागांसारखे रक्तापासून संरक्षण नसते, म्हणून पोटाच्या कमी डोसनेही प्रोलॅक्टिन वाढू शकते. मग बाळ नसताना स्तनातून दूध येणे, पाळी चुकणे, पुरुषांमध्ये छाती वाढणे किंवा कामेच्छा कमी होणे असे त्रास दिसतात. पाळी चुकल्यावर नाना तपासण्या होतात, पित्ताच्या गोळीचा विषय मात्र कोणी काढत नाही.

त्याहून गंभीर परिणाम हालचालींवर होतो. हात थरथरणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे, ओठ किंवा जीभ आपोआप हलत राहणे. वयस्कर माणसांत हा धोका जास्त. घरच्यांना वाटते वय झाले, किंवा पार्किन्सन्स सुरू झाला. त्यावर आणखी एक गोळी सुरू होते आणि मूळ कॅप्सूल चालूच राहते. वेळीच औषध बंद केले तर बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात, पण काहींमध्ये ती कायम राहतात.

खरा घोटाळा औषधापेक्षा त्याच्या मुदतीत आहे. दोन-चार आठवड्यांसाठी लिहिलेली कॅप्सूल जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे आणली जाते. अमेरिकेत या औषधाला मान्यताच नाही. भारतात मात्र ते पित्ताच्या औषधाच्या जोडीने सर्रास मिळते.

पार्किन्सन्स, फिट्स, स्तनाचा कर्करोग किंवा फिओक्रोमोसायटोमा ही अधिवृक्क ग्रंथीची गाठ असलेल्यांनी, तसेच गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी ते टाळायचे असते. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध शरीरात साठते, त्यामुळे डोस कमी करावा लागतो. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असली की गुंगी वाढते.

मानसिक आजारासाठी हे औषध घेणाऱ्यांनी ते स्वतःहून बंद करू नये. पित्तासाठी घेणाऱ्यांनी पुढच्या भेटीत पाकीट सोबत न्यावे आणि ‘हे किती दिवस घ्यायचे?’ असे डॉक्टरांना सरळ विचारावे. थरथर किंवा जीभ-ओठांची हालचाल दिसली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच दाखवावे.