घोराडेश्वर: शेतकऱ्याच्या बायकोने दिलेलं लेणं

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल देहूरोड सोडते, मग बेगडेवाडी लागतं आणि त्यापुढे घोरावाडी. दोन्ही स्टेशनं लहान, लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता पुढे जाणारी. याच पट्ट्यात जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला खेटून एक डोंगर उभा आहे. त्याच्या कड्यात सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. सरकारी कागदोपत्री ही शेलारवाडीची लेणी, लोकांच्या तोंडी मात्र घोराडेश्वर. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये या डोंगराचं नाव गारोडी असं दिलं आहे.

मुलांना लेणी दाखवायची म्हटलं की पुण्या-मुंबईकडची कुटुंबं थेट कार्ल्याला जातात. कार्ल्याचं चैत्यगृह अद्भुतच आहे, त्यात शंका नाही. पण सुट्टीच्या दिवशी तिथल्या एकवीरा देवीच्या दर्शनाची गर्दी असते, त्यात सात-आठ वर्षांचं मूल स्तंभ बघण्याआधीच कंटाळतं. आयुष्यातलं पहिलं लेणं म्हणून घोराडेश्वर अधिक चांगलं. चढ फार मोठा नाही, पायऱ्या आहेत, लेणी मोजकी आहेत आणि एका कोठडीत बसून निवांत बोलायला जागा मिळते.

जुन्या माणसाच्या घरात असं शिरून बसता यावं म्हणून काही ठिकाणी घरं नव्याने बांधावी लागतात. स्पेनमध्ये कॅटलोनियातल्या कालाफेल या गावी इबेरियन लोकांची एक तटबंदीची वस्ती उत्खननात सापडली. तिथल्या अभ्यासकांनी घरं, भिंती, बुरूज त्याच जागी पुन्हा उभे केले. रोमन येण्याआधीचा माणूस कुठे झोपत होता, कुठे धान्य ठेवत होता हे मुलांना तिथे घरात शिरून बघता येतं. आपल्याकडे मावळात पुन्हा बांधण्याची गरजच पडत नाही. भिक्षूची खोली तशीच्या तशी उभी आहे. दाराची चौकट आहे, आत झोपायचा दगडी ओटा आहे, बाहेर पाण्याचं टाकं आहे. मुलाला ओट्यावर बसवावं आणि विचारावं, इथे तू चार महिने पावसाळा काढशील का? पुढचे प्रश्न तेच विचारतं.

पहिला प्रश्न बहुतेक असतो, हे खोदलं कसं? सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला, टणक पण अखंड. कारागीर आधी कड्याचा दर्शनी भाग तासून घेत, मग छतापासून सुरुवात करून खाली जमिनीकडे येत. त्यामुळे परांची बांधावी लागत नसे, पायाखालचा न कोरलेला दगडच उभं राहायला कामी येई. भिंतीलगत तिरकी टॉर्च धरली की छिन्नीच्या रेघा उठून दिसतात. मुलांच्या हातात टॉर्च द्यावी आणि रेघा त्यांनाच शोधू द्याव्यात.

टॉर्चचा खरा उपयोग मात्र शिलालेखांसाठी. इथले ब्राह्मी लेख कार्ल्याच्या लेखांइतके प्रसिद्ध नाहीत, पण माणसाच्या जवळचे आहेत. त्यातला एक लेख सांगतो की हे लेणं सिअगुतणिका नावाच्या बाईने दान दिलं. तिचा नवरा उसभणक हा धेनुकाकट गावचा नांगर चालवणारा शेतकरी. दानात तिच्याबरोबर तिचा मुलगा, गृहपती नंद, हाही आहे. राजा नाही, सेनापती नाही, शेठही नाही. शेतावर राबणाऱ्या घरातली बाई दगडात खोली कोरून घेते आणि स्वतःचं, नवऱ्याचं, मुलाचं, गावाचं नाव लिहवून घेते. दुसऱ्या लेखात चैत्यगृहाच्या दानाची नोंद आहे. त्यात थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, सिंह यांची शिष्या घपरा ही भिक्षुणी येते, संघा आणि बुद्धा ही नावं येतात, आणि ते दान आई-वडिलांना उद्देशून दिलेलं आहे. घरच्यांनी मिळून बघायला जावं अशी जागा शोधणाऱ्याला याहून बोलका पत्ता कुठे मिळेल?

धेनुकाकट हे गाव नेमकं कुठलं, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. कार्ल्याच्या लेखांत या गावच्या अनेक दात्यांची नावं आहेत. त्यात यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणारे आहेत, सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. पुण्यात राहून मावळचे डोंगर पायी धुंडाळणारे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते गाव कार्ल्याच्या परिसरातच असावं, असं मत मांडलं. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून बोरघाट चढून वर येणारी व्यापारी वाट याच खोऱ्यातून जात होती. भाजे, कार्ले, बेडसे आणि घोराडेश्वर ही लेणी त्या वाटेच्या आसपास आहेत. डोंगरावरून खाली बघितलं की हे लगेच पटतं. आजही लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग याच खिंडीतून वाट काढतात. गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियमही दिसतं, आणि मुलं आधी तेच ओळखतात.

बौद्ध वस्ती ओसरल्यावर डोंगर ओस पडला नाही. चैत्यगृहात स्तूपाच्या जागी आज शिवलिंग आहे. इथे देवनागरीतलाही एक लेख आहे. शक 1361, सिद्धार्थी संवत्सर, श्रावण शुद्ध पक्ष. शकात 78 मिळवायचे की इसवी सन 1439 येतं. चौथीतलं मूल हे गणित जागेवर करतं. पुढे देहूचे तुकाराम महाराज ज्या डोंगरांवर चिंतनाला बसत, त्यांत भंडारा आणि भामचंद्र यांच्याबरोबर वारकरी घोराडेश्वराचंही नाव घेतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी इथे मोठी गर्दी लोटते. लेख नीट बघायचे तर हे दिवस टाळावेत. देवळात जाताना चपला बाहेर काढाव्यात, तिथे पूजा चालते.

हिवाळ्यातली सकाळ सगळ्यात बरी. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, उन्हाळ्यात दहानंतर दगड तापतो. पाणी घरूनच न्यावं, टाक्यांतलं पिऊ नये, लहानांना टाक्यांच्या काठावर एकटं सोडू नये. मधमाश्यांचं पोळं दिसलं तर धूर किंवा आरडाओरडा करू नये.

जिथे सिअगुतणिकेचं नाव कोरलेलं आहे, त्याच डोंगरात खडूने, रंगाने, टोकदार दगडाने अलीकडच्या जोडप्यांनी आपली नावं लिहून ठेवली आहेत. हे बघून वाईट वाटतं, रागही येतो. ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. अशा स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना हे तिथेच, त्या रंगाच्या फराट्यांसमोर सांगावं.

ब्राह्मीची मुळाक्षरं एका कागदावर छापून सोबत न्या. अक्षरांना हात लावू नका, खडूने भरू नका, मोबाइलवर फोटो काढून घरी बसून एकेक अक्षर जुळवा. ते जमलं की पुढच्या सुट्टीत त्याच लोकलने आणखी पुढे, मळवलीला उतरा. तिथून भाजे लेणी जवळ आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.