खाडीपलीकडची लोकल : खर्च कोणी उचलला?

मुंबई शहर दीर्घकाळ उत्तरेकडे वाढत गेले, याचे एक प्रमुख कारण म्हणजे लोहमार्ग. पश्चिम व मध्य रेल्वेच्या मार्गांमागोमाग वस्ती सरकत गेली. मुंबईवरील हा भार हलका करण्यासाठी ठाण्याच्या खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याचे ठरले व त्यासाठी १९७० साली 'सिडको'ची स्थापना झाली.

१९७३ साली खाडीवर रस्त्याचा पूल झाला. तथापि, नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड वाशीत अशा कुटुंबाला केवळ रस्ता पुरेसा नव्हता. लोकल नाही म्हणून वस्ती वाढेना, आणि वस्ती विरळ म्हणून लोहमार्गाचा खर्च परवडेना, असा हा पेच होता.

तो सोडविण्यासाठी खर्चाची वाटणी निराळ्या पद्धतीने करण्यात आली. ६७ टक्के भार सिडकोने व ३३ टक्के रेल्वेने उचलावा, असे ठरले. यामागील विचार सरळ होता. स्थानक झाले की भोवतालच्या जमिनीचे मोल वाढते. ते वाढीव मोल जमिनीच्या विक्रीतून सिडकोच्या हाती यावे आणि त्यातून लोहमार्ग उभा राहावा. प्रवाशांच्या तिकिटावर अधिभारही बसविण्यात आला.

१९९२ साली मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून वाशीस आली. १९९३ मध्ये ती बेलापूरला व १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. २००४ साली ठाणे व वाशी जोडले गेले. बेलापूर ते पेंधर ही ११ स्थानकांची मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली.

या हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ज्या जमिनीच्या मोलावर हे मार्ग उभे राहिले, ती ९५ गावांतील शेतकऱ्यांची होती. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. उरण गावी लोकल पोहोचली ती मात्र जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी.

लोहमार्गामुळे जमिनीचे मोल वाढते आणि त्यातून लोहमार्गाचा खर्च निघू शकतो, हे नवी मुंबईने दाखवून दिले. त्या मोलातील मूळ मालकाचा वाटा मात्र भूसंपादनापूर्वीच निश्चित व्हावयास हवा. शहरालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने लक्षात ठेवावा असा हा धडा आहे.