रक्तदाब आणि ताटातलं मीठ

प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतच त्यातला मोठा वाटा संपतो. मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे तेही बेतानेच.

पोटॅशियम उलट काम करतं: जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मूत्रपिंडांना मदत करतं. मूग, चवळी, पालक, केळी, शहाळं यांतून ते मिळतं. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. ते आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लसणाने दाब किंचित उतरू शकतो, पण लसूण गोळीची जागा घेत नाही. वजन आटोक्यात ठेवणं आणि नियमित भरभर चालणं जास्त उपयोगी. आकडा सुधारला, तरी गोळी परस्पर बंद करू नका.